जुन्या लॅपटॉपला वेगवान बाहेरची डिस्क जोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे ‘जुना’ म्हणजे साधारण २००५ ते २०१२ या काळातला लॅपटॉप. अजून चालतो, रोजचं काम भागवतो, पण बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्यायला बसला की एक झोप काढून उठलं तरी पट्टी अर्ध्यावरच असते.

यूएसबी २.० चा वेग ४८० असं वाचलं होतं. मग कॉपी करताना ३५ च का दिसतो?

कारण ४८० हे मेगाबिट आहेत आणि पडद्यावर दिसतात ते मेगाबाइट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे ४८० चे झाले ६०. त्या साठातलेही सगळे हाती येत नाहीत. यूएसबी २.० हा एकेरी रस्ता आहे: एका वेळी एकाच दिशेने माहिती जाते, आणि डिस्क स्वतःहून काही पाठवत नाही, प्रत्येक वेळी लॅपटॉपने विचारायचं आणि मग तिने द्यायचं. या विचारपुशीत वेळ जातो, आणि उरतात सेकंदाला ३० ते ४० एमबी. १०० जीबी हलवायला पाऊण तासाच्या वर लागतो तो असा. हे मानक २००० सालचं आहे. तेव्हाच्या डिस्कच्या मानाने रस्ता ऐसपैस होता, आता डिस्क पुढे गेल्या आणि रस्ता तिथेच राहिला.

म्हणजे वेगवान पोर्ट बसवलं की काम झालं?

नेहमीच नाही. आधी आडात किती आहे ते बघा, मग पोहऱ्याचं.

तुमची फाइल निघते लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवरून. ती मिनिटाला ५४०० फेऱ्यांची जुनी हार्ड डिस्क असेल, निम्म्याहून जास्त भरलेली असेल, तर ती स्वतःच सेकंदाला ६० ते ८० एमबी देते. बाहेर कितीही वेगवान जोडणी दिलीत तरी तिच्याकडून मिळणार तेवढंच. तरीही ३५ वरून ७० म्हणजे दुप्पट, हे मान्य. पण त्यापुढचे आकडे बघून खरेदी करणार असाल तर आधी आतली डिस्क बदलून साधा साटा एसएसडी टाका (एसएसडी म्हणजे फिरते भाग नसलेली, चिपांवर माहिती ठेवणारी डिस्क; साटा ही आतली डिस्क जोडायची नेहमीची पद्धत). लॅपटॉपही चपळ वाटायला लागतो आणि काढलेली हार्ड डिस्क डबीत घालून बाहेरची डिस्क म्हणून वापरता येते. मला कुणी विचारलं तर दहापैकी सात जणांना मी हाच क्रम सांगतो: आधी आतलं, मग बाहेरचं.

माझ्या लॅपटॉपला यूएसबी ३.० आधीच असेल का?

बघून घ्या, कारण निळं पोर्ट उजवीकडे असताना वर्षानुवर्षं डावीकडच्या काळ्या पोर्टात डिस्क लावणारे लोक मी पाहिले आहेत. यूएसबी ३.० चं मानक २००८ च्या नोव्हेंबरमध्ये आलं, पण इंटेलच्या चिपसेटमध्ये (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपमध्ये) ते २०१२ पासून आलं. त्याआधीच्या काही लॅपटॉपांत उत्पादकांनी वेगळी चिप घालून एखादं पोर्ट दिलेलं असतं.

निळा रंग ही प्रथा आहे, सक्ती नाही. पोर्टाशेजारी यूएसबीच्या त्रिशूळाला लागून ‘एसएस’ अक्षरं असतील तर खात्री धरा. टॉर्च लावून आत पाहिलं तर २.० मध्ये चार पट्ट्या दिसतात, ३.० मध्ये आणखी पाच, एकूण नऊ. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी कंट्रोलरच्या (पोर्ट चालवणाऱ्या चिपच्या) नावात ‘३.०’ किंवा ‘एक्सएचसीआय’ असेल तर आहे. नुसतं ‘एन्हान्स्ड’ किंवा ‘ईएचसीआय’ असेल तर नाही.

बाजूला कार्ड घालायची एक खाच आहे. तिचा उपयोग होईल?

होईल, पण आधी ती कोणती ते ओळखा, कारण दिसायला सारख्या असलेल्या दोन खाचांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे.

जुनी ती कार्डबस, जिला बरेच जण अजून पीसीएमसीआयए म्हणतात. ५४ मिलिमीटर रुंद, आत बारीक सुयांच्या दोन रांगा, एकूण ६८. हिची मर्यादा सेकंदाला १३३ एमबी, तीही कागदावर, आणि ती आतल्या इतर उपकरणांबरोबर वाटून घ्यावी लागते. या खाचेसाठी ‘यूएसबी ३.०’ असं छापलेलं कार्ड दिसलं तरी १३३ ची भिंत ते ओलांडू शकत नाही.

नवी ती एक्सप्रेसकार्ड, २००३ साली आलेली. ही दोन रुंद्यांत येते, ३४ आणि ५४ मिलिमीटर. घोटाळा इथेच होतो: ५४ ची खाच बाहेरून थेट कार्डबससारखी दिसते. आत पाहा. सुयांच्या लांब रांगांऐवजी एका कडेला लहानसा जोड दिसला तर ती एक्सप्रेसकार्ड. ३४ चं कार्ड दोन्ही खाचांत बसतं, ५४ चं फक्त ५४ मध्ये. म्हणून घ्यायचं तर ३४ चंच घ्या, उद्या लॅपटॉप बदलला तरी चालेल.

खाचेत बरेचदा प्लास्टिकचं खोटं कार्ड धूळ अडवायला घातलेलं असतं. ते टाकून देऊ नका, रुंदी आणि आकार ओळखायला त्याच्याइतकं चांगलं माप नाही.

एक्सप्रेसकार्डमधून यूएसबी ३.० चा पूर्ण वेग मिळतो का?

नाही, आणि याबद्दल खोक्यावर कुणी लिहीत नाही.

एक्सप्रेसकार्डच्या खाचेत दोन वाटा येतात: पीसीआय एक्सप्रेसची (लॅपटॉपच्या आतल्या वेगवान जोडणीची) एक मार्गिका आणि साधं यूएसबी २.०. पहिल्या पिढीच्या मार्गिकेची क्षमता सेकंदाला २५० एमबी. माहितीची पाकिटं आणि त्यांच्या पोचपावत्या यांचा खर्च वजा जाता हातात येतात १५० ते २००. यूएसबी ३.० च्या ५ जीबीपीएसचे (सेकंदाला ५ गिगाबिटांचे) कागदावर ५०० एमबी होतात, कारण इथे एका बाइटसाठी तारेवर आठ नाही, दहा बिट जातात; म्हणजे कार्ड कितीही चांगलं असो, खाच त्याला निम्म्यावर रोखते. २००९ मध्ये एक्सप्रेसकार्डची दुसरी आवृत्ती आली, तिची क्षमता दुप्पट आहे, पण ती असलेले लॅपटॉप कमी भेटतात.

यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. बाहेरची फिरती डिस्क सेकंदाला १०० ते १३० एमबीच देते, तिला हा रस्ता पुरून उरतो. एसएसडी लावलात तर १७० च्या आसपास अडकेल, म्हणजे १०० जीबीला दहा मिनिटं. पाऊण तासाच्या तुलनेत मी तरी तक्रार करणार नाही.

खरी फसवणूक त्या दुसऱ्या वाटेत आहे. काही स्वस्त कार्डं पीसीआय एक्सप्रेसला हातच लावत नाहीत. खाचेत आलेलं यूएसबी २.० तसंच पुढे काढून देतात, वर निळं प्लास्टिक लावून. असं एक कार्ड माझ्याही पेटीत पडून आहे. घेताना कंट्रोलर चिपचं नाव दिलंय का ते पाहा: एनईसी किंवा रेनेसास, एएसमीडिया, व्हीआयए, फ्रेस्को लॉजिक यांपैकी काही असेल तर ठीक. नावच दिलेलं नसेल तर सोडून द्या. लावल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नवा यूएसबी ३.० कंट्रोलर दिसला नाही, तर कार्ड वाट चुकवतंय असं समजा.

कार्डला डिस्क लावली की ‘टक टक’ आवाज येतो आणि डिस्क दिसतच नाही.

वीज कमी पडते आहे. डिस्क लगेच काढा, हा आवाज तिच्या तब्येतीला चांगला नाही.

हिशेब असा. यूएसबी ३.० च्या एका पोर्टाने ५ व्होल्टला ९०० मिलिअँपिअर द्यावेत अशी अपेक्षा, म्हणजे साडेचार वॅट. एक्सप्रेसकार्डच्या खाचेत ५ व्होल्ट येतच नाहीत. तिथे येतात ३.३ आणि १.५ व्होल्ट. ३.३ च्या तारेवर जास्तीत जास्त १.३ अँपिअर धरले तरी सव्वाचार वॅट होतात, त्यातून कार्डाने ते ५ व्होल्टपर्यंत चढवायचे, चढवताना थोडे गमवायचे, आणि स्वतःची चिपही चालवायची. एक पोर्टही पुरं पडत नाही, आणि कार्डावर पोर्ट दोन! त्यात फिरती डिस्क सुरू होताना क्षणभर एक अँपिअरच्या आसपास ओढते. ते मिळालं नाही की ती अडखळते, परत प्रयत्न करते, परत अडखळते. तोच तो आवाज.

कार्डाच्या कडेला बारीक गोल भोक असतं ते यासाठीच. सोबत आलेली तार तिथे लावून दुसरं टोक लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टात किंवा चांगल्या चार्जरमध्ये घाला. तार आली नसेल तर दुसरे दोन मार्ग: स्वतःच्या अडॅप्टरवर चालणारा यूएसबी ३.० हब, किंवा स्वतःची वीज घेणारी मोठी ३.५ इंची डिस्क. साटा एसएसडीला सुरुवातीचा तो झटका लागत नाही, त्यामुळे ती बहुधा निमूट चालते. एनव्हीएमई (थेट पीसीआय एक्सप्रेसवर चालणाऱ्या, आणखी वेगवान) एसएसडीची डबी मात्र या कामासाठी घेऊ नका. वीज जास्त मागते आणि तिच्या वेगाचा इथे काहीच उपयोग नाही, नाकापेक्षा मोती जड.

ई-साटा आणि यूएसबी ३.० यांत काय निवडू?

लॅपटॉपला ई-साटा पोर्ट मुळातच असेल तर आधी तेच वापरा. ही आतल्या डिस्कचीच वायर बाहेर काढलेली असते, मध्ये भाषांतर करणारी चिप नाही. त्या काळातल्या लॅपटॉपांत ३ जीबीपीएसची जोडणी असते, म्हणजे कागदावर ३०० एमबी. एक्सप्रेसकार्डवरच्या यूएसबी ३.० पेक्षा हे सरस. शिवाय बहुतेक यंत्रं त्यावरून सुरूही होऊ शकतात.

अडचणी तीन. एक, ई-साटाच्या केबलमधून वीज जात नाही. पोर्ट यूएसबीबरोबर जोडलेलं असेल, ज्याला ई-साटा-पी म्हणतात, तर ५ व्होल्ट मिळतात आणि लहान डिस्क चालते, नाहीतर वेगळा अडॅप्टर. दोन, बायोसमध्ये (यंत्र सुरू करणाऱ्या आतल्या प्रणालीत) साटाची पद्धत ‘आयडीई’ ठेवलेली असेल तर चालू यंत्राला डिस्क लावून ती दिसत नाही, बंद करून सुरू करावं लागतं. ती ‘एएचसीआय’ हवी. पण विंडोज आधीपासून आयडीईवर बसवलेलं असेल तर ही सेटिंग सरळ बदलू नका, निळा पडदा येईल. आधी विंडोजमध्ये एएचसीआय ड्रायव्हर चालू करून घ्या. तीन, चार-पाच डिस्क मावणारी मोठी पेटी एका ई-साटा केबलवर लावायची तर कंट्रोलरला ‘पोर्ट मल्टिप्लायर’ समजावा लागतो. लॅपटॉपच्या अंगच्या कंट्रोलरला तो बरेचदा समजत नाही आणि पहिलीच डिस्क दिसते.

पोर्ट नसेल आणि कार्डच घ्यायचं असेल तर मात्र यूएसबी ३.० चं घ्या. ई-साटाच्या डब्या आता शोधाव्या लागतात, आणि यूएसबीची डिस्क उद्या कुठल्याही यंत्राला लागेल.

फायरवायर?

ही यूएसबीसारखीच आणखी एक जुनी जोडणी. पोर्ट आहे आणि डिस्कही आहे तर जरूर वापरा: ८०० वाल्यावर सेकंदाला ७० ते ८० एमबी मिळतात. ४०० वाल्याचा वेग यूएसबी २.० च्या जवळपासच, थोडा स्थिर इतकंच. नव्याने खरेदी करू नका.

माझा जुना मॅकबुक आहे. त्याला यूएसबी २.० च आहे.

साल कोणतं? २०११ च्या मॅकबुक प्रो आणि मॅकबुक एअरला यूएसबी २.० असलं तरी थंडरबोल्ट ही वेगळी, वेगवान जोडणी आहे, आणि तिची एकेक वाहिनी १० जीबीपीएसची. थंडरबोल्टवरून यूएसबी ३.० किंवा ई-साटा काढून देणारा अडॅप्टर किंवा डॉक मिळाला तर एक्सप्रेसकार्डपेक्षा कितीतरी पुढे जाता. २०१० च्या यंत्रांवर दिसायला हुबेहूब तसंच पोर्ट आहे, पण ते मिनी डिस्प्लेपोर्ट: पडदा जोडायचा, डिस्क नाही. पोर्टाशेजारी विजेचं चिन्ह असेल तरच थंडरबोल्ट.

नव्या, यूएसबी-सीच्या आकाराच्या थंडरबोल्ट ३ डिस्क जुन्या पोर्टाला लावायला अॅपलचा अडॅप्टर आहे. तो माहिती दोन्ही दिशांना नेतो पण वीज पुढे पोचवत नाही. त्यामुळे स्वतःचा अडॅप्टर असलेलीच डिस्क त्यावर चालते.

१७ इंची मॅकबुक प्रोला २०११ पर्यंत एक्सप्रेसकार्डची खाच होती. १५ इंचीची २००९ मध्येच गेली, तिथे एसडी कार्डची खाच आली.

यूएसबी ३.० चा हब किंवा टाइप-सीचा अडॅप्टर जुन्या पोर्टाला लावला तर वेग वाढेल?

नाही. तोंडाचा आकार बदलतो, घसा तोच राहतो.

लॅपटॉपला खाच नाही, ई-साटा नाही, काहीच नाही.

नेटवर्कची वायर लावायचं पोर्ट तर असेल? त्याकडे कुणी बघतच नाही. ते गिगाबिट असेल तर सेकंदाला ११० एमबीपर्यंत सहज देतं, म्हणजे यूएसबी २.० च्या तिप्पट, आणि एकही सुटा भाग न घेता. डिस्क थेट त्याला लागत नाही हे खरं. मध्ये दुसरा संगणक किंवा नेटवर्क डिस्क लागते. पण घरात नवा संगणक असेल तर दोघांमध्ये एक साधी नेटवर्क केबल टाका, फोल्डर शेअर करा, डिस्क नव्या संगणकाच्या यूएसबी ३.० ला लावा. उलटसुलट तारांची खास केबल लागत नाही, गिगाबिट पोर्ट आपलं आपण जुळवून घेतात. केबलमध्ये मात्र आठही तारा शाबूत हव्यात, चारच असतील तर जोडणी १०० वर उतरते. पोर्ट मुळातच १०० मेगाबिटचं असेल तर नाद सोडा, त्याचे जेमतेम १२ एमबी होतात.

दुसरी वाट डीव्हीडी ड्राइव्हची. तो काढून त्या जागी डिस्क बसवायचा कॅडी मिळतो. जाडी मोजून घ्या, ९.५ किंवा १२.७ मिलिमीटर, आणि जोड साटा आहे की त्याआधीचा आयडीई हेही पाहा. ही बाहेरची डिस्क राहत नाही, पण ‘जास्त जागा, चांगला वेग’ एवढंच हवं असेल तर बाहेर लोंबकळणाऱ्या कोणत्याही कार्डापेक्षा मला हा उपाय पसंत आहे. एसएसडी मुख्य जागी, जुनी हार्ड डिस्क कॅडीत. उलट करू नका, काही लॅपटॉपांत डीव्हीडीची जोडणी १.५ जीबीपीएसवरच अडते. हार्ड डिस्कला तेवढी पुरते.

वायफाय कार्डाची आतली मिनी पीसीआय एक्सप्रेस खाच वापरून यूएसबी ३.० काढणारेही लोक आहेत. वायफाय जातं, झाकणातून रिबन बाहेर येते, आणि काही उत्पादकांचं बायोस ओळखीचं नसलेलं कार्ड पाहून यंत्र सुरूच होऊ देत नाही. हौस असेल तर करा.

ड्रायव्हर लागतो का?

विंडोज ७ वर लागतो, यूएसबी ३.० त्यात मुळात नाही. विंडोज ८ पासून पुढे लागत नाही. लिनक्समध्ये २००९ च्या २.६.३१ या कर्नलपासूनच सोय आहे. विंडोज ७ साठी ड्रायव्हर शोधताना कार्ड विकणाऱ्याचं नाव शोधू नका, चिपचं नाव शोधा.

यूएएसपी लिहिलेली डबी घ्यावी का?

एसएसडी घालणार असाल तर घ्या. जुन्या पद्धतीत डिस्कला एक काम सांगायचं, ते झालं की दुसरं. यूएएसपीमध्ये कामांची रांग एकदम देता येते, त्यामुळे लहान फायलींच्या गर्दीत फरक जाणवतो. कंट्रोलर, डबी आणि कार्यप्रणाली तिघांनाही ते यावं लागतं. विंडोज ८ आणि पुढच्यांना येतं, विंडोज ७ ला स्वतःहून नाही. लिनक्सवर काही डब्या यूएएसपीत मध्येच गुदमरतात. तेव्हा त्या डबीपुरतं ते बंद केलं की वेग थोडा जातो आणि शांतता येते.

एक्सप्रेसकार्डवरच्या डिस्कवरून लॅपटॉप सुरू करता येईल?

जवळपास कधीच नाही. जुन्या बायोसला ते कार्ड दिसत नाही. सुरू करायला यूएसबी २.० वापरा.

सगळं बसवलं, तरी वेग मनासारखा नाही.

आधी नीट मोजा. रॅमपेक्षा मोठी अशी एकच फाइल कॉपी करा. लहान फाइल रॅममध्येच जाऊन बसते आणि भलताच सुंदर आकडा दाखवते. त्या एका फाइलला वेग चांगला मिळाला आणि फोटोंच्या फोल्डरला नाही, तर जोडणीचा दोष नाही. हजारो बारक्या फायली प्रत्येक डिस्कला दमवतात. फिरत्या डिस्कला तर फारच.

मग केबल. यूएसबी २.० ची केबल ३.० च्या टाइप-बी तोंडात बसते आणि निमूटपणे जुन्या वेगावर काम करते. लिनक्समध्ये यूएसबी उपकरणांची झाडासारखी यादी काढली तर डिस्कसमोर ४८०एम की ५०००एम हे सरळ दिसतं.

डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर प्रोसेसरकडे बघा. एईएसचं (एन्क्रिप्शनच्या नेहमीच्या पद्धतीचं) गणित प्रोसेसरमध्येच झटपट करणाऱ्या सूचना इंटेलच्या प्रोसेसरांत २०१० पासून आल्या, त्याही सगळ्यांत नाहीत. त्याआधीचा प्रोसेसर प्रत्येक बाइट हाताने कुलूपबंद करत बसतो. अँटिव्हायरसचंही तेच. आणि काही नव्या मोठ्या हार्ड डिस्क, ज्यांत माहितीच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात, पहिले काही जीबी झपाट्याने घेतात आणि मग यूएसबी २.० ची आठवण करून देतात. त्यावर कुठलंही पोर्ट उपाय नाही.

लॅपटॉप झोपवून उठवला की डिस्क गायब होते.

कार्डाची वीज झोपेत तुटते आणि जागं झाल्यावर विंडोजला ती नवी डिस्क वाटते. कॉपी चालू असेल तर झोप बंद ठेवा, आणि झोपवण्याआधी डिस्क ‘सुरक्षितपणे काढा’ करून मोकळी करा. ३४ चं कार्ड ५४ च्या खाचेत डुगडुगतं, त्याचाही परिणाम हाच होतो. मी एकदा कॉपी चालू असताना लॅपटॉप नुसता मांडीवर घेतला, कार्ड केसभर हललं, आणि शेवटच्या काही जीबींसाठी सगळं पहिल्यापासून. रिकाम्या बाजूला बसणारा प्लास्टिकचा तुकडा काही कार्डांसोबत येतो, तो लावा.

कार्ड लावल्यापासून वायरलेस माउस अडखळतो.

योगायोग नाही. यूएसबी ३.० च्या तारांतून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात पडतो, आणि माउसचा बारका रिसीव्हर नेमका तिथेच ऐकत असतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण काढलं होतं. रिसीव्हर लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूच्या पोर्टात लावा, किंवा वीतभर एक्स्टेंशन केबलने डिस्कपासून लांब न्या. वायफायही त्याच पट्ट्यात असेल आणि कॉपी चालू असताना मंदावत असेल, तर ५ गिगाहर्ट्‌झवर टाका. जुन्या लॅपटॉपच्या वायफायला तो पट्टा येत नसेल, तर कॉपी संपेपर्यंत नेटवर्कची वायर.